कोनफ्लॉवरला मासळीचं खत

माझ्या लेकीने हॉस्पिटलमध्ये जाताना मला एकच काम सांगितलं होतं, आणि नेमकं त्याचंच मी वाटोळं केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. इथे सिडनीत युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष अर्ध्यावर सोडून जवळजवळ वर्षभर घरी होती. घरी म्हणजे खोलीत. पडदे ओढलेले, फोन पालथा घातलेला, आणि मी दाराबाहेर ताट घेऊन उभी. सुरुवातीला मला वाटलं, आळस आहे नुसता. खोटं कशाला बोलू, तोंडानेही बोलले मी तसं. "आम्ही इथे येऊन मर मर मेलो ते तू अंथरुणात लोळावंस म्हणून का?" ह्याच तोंडाने म्हटलंय. मग ओरडणं सोडून लाडीगोडी सुरू केली. कोंबडीचं सूप, बदामाचं दूध, व्हिटॅमिनच्या गोळ्या, वसईहून आईने पाठवलेलं आशीर्वादाचं तेल. दिवसातून सहा वेळा दार वाजवायचे. आतून एकच उत्तर, "मम्मा, आय डोन्ट नीड एनीथिंग." मला वाटायचं, हिला कळत नाहीये, म्हणून नाही म्हणतेय.

त्या वर्षात तिला खोलीबाहेर काढणारी एकच गोष्ट होती. आमच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दांडीपलीकडे, तिने शाळेत असताना मधमाश्यांसाठी एक कोपरा केला होता. पेटीतल्या मधाच्या माश्या नव्हेत त्या. इथल्या मूळच्या, एकेकट्या राहणाऱ्या, पोटावर निळे पट्टे असलेल्या. उन्हाळ्यात त्या यायच्या आणि ती तासन्‌तास उकिडवी बसून बघायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला बघायचे आणि मनात म्हणायचे, बस बाय, बस तिथेच, आत नको जाऊस.

ईस्टरच्या सुट्टीत तिच्या जुन्या शाळेच्या बागेतल्या बाईंनी तिला कोनफ्लॉवरची सुकलेली बोंडं दिली. इथलं रानातलं झुडूप हे. पिवळी गोल फुलं येतात, ती झडली की राखाडी, टणक बोंड राहतं. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, पण कडक. बोंड बोटांनी चोळलं की केसाळ, चिमूटभर दाणे सुटतात. तिने वाळू घातलेल्या एका ट्रेमध्ये मोजून तीस दाणे पेरले.

दुसऱ्या दिवशी मी शिफ्ट संपवून घरी आले तर लाँड्रीच्या बाजूने धुराचे लोट! त्या दिवसांत माझं मन कुठल्या कुठे जायचं, ते ज्याचं त्याला माहीत. चपलाही न काढता किंचाळत धावले. बघते तर ही डब्यात निलगिरीचा सुका पाला पेटवून, ट्रेवर खोका पालथा घालून, त्यात धूर सोडत बसलेली. तोंडाला काजळी. म्हणाली, "मम्मा, रिलॅक्स. दे नीड स्मोक." रानात वणवा येऊन गेला, आता जागा मोकळी आहे, हे बियांना धुरावरून कळतं म्हणे. धूर मिळाल्याशिवाय कितीतरी बिया उठतच नाहीत.

मी तिथेच लाँड्रीच्या पायरीवर बसकण मारली. म्हटलं, "अगं, तुलाही दिली होती आम्ही धुरी." ही झाली तेव्हा आम्ही मेलबर्नजवळ क्लेटनला राहायचो, नवरा विद्यार्थी, दोन खोल्यांचा फ्लॅट. माझी आई बाळंतपणाला आली होती. हिची आंघोळ झाली की आई जुन्या तव्यात निखारे करायची, वर ओवा आणि लसणीची सालं टाकायची आणि पोरीला त्या धुरावरून फिरवायची. तिसऱ्या दिवशी स्मोक अलार्म बोंबलला. अख्खी बिल्डिंग खाली उतरली, बंब आला, आणि माझी आई टॉवेलात गुंडाळलेली नात छातीशी धरून त्या फायरवाल्याला वसईच्या मराठीत झापतेय, की बाळाला गार हवा लागते, दार लाव आधी! हे ऐकून लेक हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा दात दिसले तिचे. मी ते हसू आजही विसरलेले नाही.

सहा-सात आठवड्यांनी तीसपैकी नऊ उगवले. नऊच. तिने एकेक उचलून वेगळ्या कुंडीत लावला. आइस्क्रीमच्या काड्यांवर आकडे घातले, एक ते नऊ. चार नंबरचं रोप तळाशी वाकडं होतं, सात नंबरला एका बाजूलाच पानं होती. "बाकीच्यांचं काय? फेकू का ट्रे?" मी विचारलं. "नो. काही उशिरा येतात. लीव्ह इट."

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी ती स्वतःच खोलीतून बाहेर आली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, आय डोन्ट फील सेफ बाय मायसेल्फ." माझा नवरा मुलखाचा अबोल माणूस, पॅरामॅटाला आयटीत आहे, दिवसाला दहा वाक्यं बोलेल तर शपथ. त्याने फक्त गाडीची किल्ली घेतली. मी पिशवी भरायला लागले. दातांचा ब्रश, मोजे, बायबल, पुन्हा मोजे. हात थांबत नव्हते. तिने दारात मला एक चिठ्ठी दिली. इंग्रजीतच होती. एक दिवसाआड थोडं पाणी. सकाळचं ऊन. आणि खाली दोनदा रेघ मारून, दुसरं काहीही नको, मम्मा, प्लीज, काहीही नको.

ती वेस्टमीड हॉस्पिटलात, मानसोपचाराच्या वॉर्डात ॲडमिट झाली. तिथल्याच लॅबमध्ये मी काम करते. दिवसभर लोकांचं रक्त मशीनमधून काढायचं, आकडे तपासायचे, संध्याकाळी तिला भेटायचं. भेटीत ती पंधरा मिनिटं खिडकीकडे बघायची. मी बडबडायचे. चर्चमध्ये कोण भेटलं, कुणाचं लग्न ठरलं, कारल्याचा वेल कसा मेला. ती शेवटी एकच विचारायची, "माझी रोपं?" मी म्हणायचे, मजेत आहेत. कार पार्कमध्ये गाडीत बसून मग मी रडून घ्यायचे, तोंड पुसायचे आणि घरी यायचे. रोझरी म्हणताना मध्येच विसरायला व्हायचं, पुन्हा पहिल्यापासून. देवाला स्पष्टच सांगितलं होतं मी, माझं काय करायचं ते कर, पण पोरीला हात लावशील तर बघ.

आता खताचं सांगते.

माझे बाबा वसईला वाडी करायचे. पानवेली, केळी, मोगरा. आमच्याकडे मातीला मासळी घालायची पद्धत. सुकटीचा चुरा, माशांची डोकी, पोटातली घाण, काही वाया जायचं नाही. रोप पिवळं पडलं की बाबा म्हणायचे, भूक लागलीय त्याला. मी ह्या देशात आल्यावरही ते सोडलं नाही. शनिवारी मासे आणले की डोकी बादलीत, वर गूळ, झाकण घट्ट, महिनाभर तसंच. शेजारच्या म्हातारबुवांनी एकदा कुंपणावरून विचारलं होतं की तुमच्याकडे काही मेलंय का. पण माझा कढीपत्ता बघाल तर बघत राहाल! सिडनीच्या थंडीतही हिरवागार. लोक पिशव्या भरभरून न्यायचे.

ती गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्या नऊ कुंड्यांसमोर उभी राहिले. एवढीएवढीशी रोपं, दोन इंचाची, आणि माती म्हणावी तर नुसती वाळू. मला भडभडून आलं. म्हटलं, ह्यात जीव कसा धरणार हे? पोरीला हॉस्पिटलमध्ये मी काही देऊ शकत नव्हते. डबा नेला तर तसाच परत यायचा. जवळ घेऊ म्हटलं तर अंग आखडायची. आणि इथे तिची नऊ लेकरं उपाशी. चिठ्ठी माझ्या ॲप्रनच्या खिशात होती. "काहीही नको." मला वाटलं, मुलीला काय कळतंय वाडीतलं. तीन पिढ्या मातीत गेल्यात आमच्या.

बादलीतलं वाटीभर पाणी मी पातळ करून नऊही कुंड्यांना घातलं.

दहा दिवसांत नवी पानं पिवळी पडायला लागली. मी काय करावं? बाबांचंच डोक्यात. पिवळं म्हणजे भूक. पुन्हा घातलं, ह्या वेळी दुप्पट. नवरा मागच्या दारात उभा होता. म्हणाला, "अगं, तिने नको म्हटलंय ना." मी त्याच्या अंगावर गेले. "तू गप्प बस! तुझ्या गप्प बसण्याने काय भलं झालंय पोरीचं?" तो बिचारा आत गेला. त्या वाक्याची माफी मी अजून धड मागितलेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. दोन नंबर, पाच, सहा आणि आठ काळे पडून आडवे झाले. मी ते हिरव्या झाकणाच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकले आणि काड्या तेवढ्या धुऊन ठेवल्या.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांबरोबर मीटिंग होती. आम्ही तिघं आणि एक तरुण डॉक्टर. त्यांनी तिला विचारलं, घरी जाऊन काय करावंसं वाटतं? मी उत्तर देणारच होते, नवऱ्याने माझा हात दाबला. मग ती हळू म्हणाली, "माझी नऊ रोपं आहेत. कुंडीतून जमिनीत लावायचीत. फुलं यायला तीन-चार वर्षं लागतात." डॉक्टरांनी विचारलं, तोपर्यंत थांबायचंय तुला? ती म्हणाली, "आय थिंक सो. मला बघायचंय माश्या येतात का."

तीन-चार वर्षं! ज्या पोरीने वर्षभर उद्याचं नाव काढलं नव्हतं, ती तीन-चार वर्षांचं बोलत होती. नवरा रडायला लागला, मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. आणि मी बसले होते दगडासारखी, कारण नऊ नव्हतीच. पाच होती, आणि तीही पिवळी.

दुसऱ्या दिवशी मी कामाला दांडी मारली, एक कुंडी पिशवीत घातली आणि नेटिव्ह झाडांची नर्सरी शोधत गेले. तिथली बाई साठीची असेल, नखांत माती. तिने कुंडी हातात घेतली, नाकाशी धरली आणि माझ्याकडे बघितलं. "मासे?" मी मान हलवली. तिने मला रागावायला हवं होतं, तर ती शांतपणे सांगत बसली. ही झाडं ह्या भागातल्या दगडी, वाळूच्या मातीतली. तिथे फॉस्फरस जवळजवळ नाहीच. म्हणून ह्यांची मुळं असेल तेवढा कण न कण ओढून घ्यायला शिकलेली. माशांच्या खतात असतो तेवढा समोर आला तर त्यांना थांबता येत नाही, नको म्हणता येत नाही. घेत राहतात आणि त्यानेच मरतात. मी विचारलं, आता काही घालता येईल का वरून, उतारा म्हणून? ती म्हणाली, "नो, डार्ल. स्टॉप पुटिंग थिंग्ज इन."

फॉस्फरस! अहो, फॉस्फेट मी रोज मोजते. किडनीच्या पेशंटच्या रक्तात आकडा वर गेला की वॉर्डला फोन करणारी मी. वीस वर्षं हेच काम करतेय. त्या नर्सरीत गमबुटांच्या रांगेशेजारी उभी राहून मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि लेकीबद्दल तर काय बोलू. रोपांना नको म्हणता येत नव्हतं. माझ्या मुलीला येत होतं. तिने वर्षभर म्हटलं, आणि वर दोन रेघा मारून लिहूनही दिलं.

उरलेली पाचही आठवडाभरात गेली. रोज सकाळी अंधारात उठून टॉर्च घेऊन बघायचे. शेवटचं चार नंबरचं, वाकडं. ते गेलं त्या दिवशी मी गुडघ्यांवर बसून त्याच्याशी बोलले, जाऊ नको रे, एवढं एक राहा, तिला एक तरी दाखवायला राहा. वेड लागायचं बाकी होतं. त्याच दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला, शुक्रवारी सोडतोय.

मग मी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. पुन्हा नर्सरीत गेले, त्या बाईची नजर चुकवून काउंटरवरच्या मुलाकडून कोनफ्लॉवरची नऊ छोटी रोपं घेतली. घरी येऊन तिच्या कुंड्यांत लावली. धुतलेल्या काड्या खोचल्या, एक ते नऊ. चार नंबरच्या जागी त्यातल्या त्यात तिरकं रोप निवडलं. नवऱ्याने बघितलं आणि काहीच म्हणाला नाही. ह्या वेळी मलाच वाटत होतं, बोल ना रे, काहीतरी बोल. माझ्या मनात एकच, पोरीने घरात पाऊल टाकल्यावर काही दिवस तरी काढावेत. मग सांगू. मग कधीतरी सांगू.

शुक्रवारी ती आली. बारीक झालेली, केस बांधलेले. बॅगही खाली न ठेवता घरातून सरळ मागच्या अंगणात गेली आणि कुंड्यांसमोर उकिडवी बसली. मी दारात.

तिने चार नंबर उचलला. फिरवला. खोडाच्या तळाशी बोट फिरवलं. मग सात नंबर. सगळ्या बाजूंनी छान भरलेली पानं. तिने काडी उपसून बघितली, तिचंच अक्षर, आणि पुन्हा खोचून ठेवली.

"मम्मा, व्हेअर आर माइन?"

एक क्षण माझ्या जिभेवर आलं होतं, हीच आहेत की गं, वाढलीत. आलं होतं, नाही म्हणत नाही. पण ती माझ्याकडे बघत होती. इतक्या महिन्यांनी सरळ डोळ्यांत बघत होती. ते डोळे घालवायचे नव्हते मला.

"मेली," मी म्हटलं. "मी मारली. माशांचं खत घातलं. पिवळी पडली तर आणखी घातलं. नऊच्या नऊ. ही विकत आणलीत."

ती उठून उभी राहिली. आणि ओरडली. माझी ही मुलगी मराठीत विचारलं तरी निम्मं इंग्रजीत उत्तर देणारी, घरात आवाज न चढवणारी, ती मराठीत ओरडली. "सांगितलं होतं ना मी तुला! काही घालू नकोस म्हणून सांगितलं होतं! लिहून दिलं होतं! तू ऐकतच नाहीस! कधीच ऐकत नाहीस! मी नको म्हटलं की तुला नको ऐकूच येत नाही!"

शेजारच्या म्हातारबुवांच्या घराची खिडकी उघडली आणि बंद झाली. मी उभी राहिले. एरवी मी एका शब्दाला चार दिले असते. पण काय देणार होते? खरं होतं सगळं. आणि तरी आत कुठेतरी वाटत होतं, ओरड, बाय, ओरड, तुझ्यात एवढा आवाज शिल्लक आहे हे मला ऐकू दे.

ती थांबली तेव्हा धापा टाकत होती. मग एकदम बारीक आवाजात विचारलं, "ट्रे? ट्रे पण फेकलास?"

"नाही. लाँड्रीत आहे. त्यात नंतर आणखी काही उगवलंच नव्हतं, म्हणून मी हात लावला नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लाँड्रीत गेली. ट्रे घेऊन आली. कोरडी वाळू, वर धुराची काजळी अजून थोडी. त्यात एकवीस बिया होत्या, मेलेल्या की जिवंत, कुणाला ठाऊक. तिने नळाखालून ओंजळभर पाणी आणून वर शिंपडलं, ट्रे मांडीवर घेतला आणि लाँड्रीच्या पायरीवर बसली. रडत होती. आवाज न करता, खांदे हलत होते.

मी स्वयंपाकघरात पळाले. हातांना दुसरं काही येतच नाही. केटल लावली. चहा करू, की दूध, की सूप आहे फ्रीजमध्ये ते गरम करू. बिस्किटांचा डबा काढला. कप काढला. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. डबा हातात धरून मी तिथे उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. केटल उकळून खटकन बंद झाली.

मी डबा खाली ठेवला. कप जागेवर ठेवला. बाहेर आले. तिच्याजवळ जाऊन काय करायचं हे मला खरोखर कळत नव्हतं, हात लोंबकळत होते नुसते. तिने वर बघितलं. आधी माझ्या हातांकडे, मग तोंडाकडे.

"काही आणलं नाहीस?"

"नाही."

ती पायरीवर थोडी सरकली. मी बसले.